निर्वसाहत सर

आमच्या चित्रकलेच्या सरांना अख्खं पेण 'निर्वसाहत सर' म्हणायचं. हा शब्द न अडखळता उच्चारणारा गावात तेवढा एकच माणूस होता. "इंग्रज गेले, पण आपल्या डोळ्यांत बसून राहिले. त्यांना तिथून हुसकायचं, म्हणजे निर्वसाहत व्हायचं," असं ते म्हणाले की निम्मा वर्ग डोळे चोळायचा.

परीक्षेसाठी फुलदाणी आणि सफरचंद काढावं लागे. सर टेबलावर सुकटीची टोपली ठेवत. "हे काढा. वासासकट." आम्ही काढलं आणि ओळीनं नापास झालो. "परीक्षक अजून पारतंत्र्यात आहेत," असं सांगून सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. घरी मार मात्र आम्हीच खाल्ला.

पुढं एका पुढाऱ्याला हा शब्द फार आवडला. भाषणात भारदस्त वाटतो, अर्थ कुणी विचारत नाही. त्यानं जुन्या सभागृहाचं इंग्रजी नाव काढून तिथं आपल्या वडिलांचं नाव दिलं, म्हणजे निम्मं स्वातंत्र्य आलंच. उरलेलं सरांनी भिंतीवर रंगवायचं होतं.

उद्घाटनाला पडदा सरकला. चित्रात खुर्चीत एक साहेब, समोर अर्ज घेऊन ताटकळलेली मिठागरातली माणसं.

"इंग्रज झकास जमलाय!" पुढारी म्हणाला.

"इंग्रज नाही तो," सर म्हणाले. "नीट बघा, झब्बा तुमच्यासारखाच आहे."

मागून खाडीकाठची एक म्हातारी ओरडली, "आगो, ही तर मीच! अजून उभीच हाय!"

आठवड्याच्या आत भिंतीला चुना फासला गेला. गुलामीची खूण पुसून सगळं कसं गोरंपान झालं. शाळेनं माफीनामा मागितला. सरांनी राजीनामा दिला आणि रोह्याला खोली घेऊन ते धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागले. म्हातारी सुनांना आपलं चित्र दाखवायला सभागृहात गेली आणि कोऱ्या भिंतीकडे बघून परतली, हे त्यांच्या कानावर आलं. नोकरी गेल्यावर न हललेला हा माणूस त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी रंग घेऊन थेट तिच्या घरी गेला.

गेल्या वर्षी सर रोह्यातच वारले. सांगायला मी म्हातारीकडे गेलो. तिनं मला हाताला धरून पडवीत नेलं. भिंतीवर ती होती, ऐसपैस खुर्चीत बसलेली.

"घरात खुर्ची नाय," ती म्हणाली, "पण मास्तरनी मला बसवली."