नाक गेलं, एक वास राहिला

अकोल्याच्या जुन्या शहरात मोतीराम भाऊंना लोक चेहऱ्यापेक्षा नाकावरून ओळखत. सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये तीस वर्षं त्यांचं काम एकच. टाकीचं झाकण उघडायचं, हुंगायचं, आणि तेल खवट होणार की नाही ते सांगायचं. तपासणीचा कागद संध्याकाळी यायचा. भाऊंचा निकाल उभ्या उभ्या.

बियरच्या नादी ते लागले तेही नाकामुळेच, अन् पन्नाशीनंतर. अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अपेक्षाने सात वर्षांपूर्वी 'फेस मंडळ' काढलं. पिऊन लोळणाऱ्यांचं नव्हे, चाखून भांडणाऱ्यांचं. लेबल झाकायला बाटल्यांना जुने पायमोजे चढवायचे, ग्लासात ओतायचं, आणि नुसत्या वासावरून बियर ओळखायची. पहिली तीन वर्षं भाऊंचा एक ग्लास चुकला नाही. तेव्हापासून वर्धापनदिनाचा पहिला ग्लास हुंगायचा मान त्यांचा. बायको चंदाबाई घरी म्हणायच्या, "दुनियेत कोनाले कशाचा मान, अन् यायले मोज्यातल्या बाटलीचा."

मग कोरोना आला. ताप आठ दिवसांत उतरला, वास काही परतला नाही. फोडणी नाही, घाम नाही, तेल नाही. गुडघ्याचं निमित्त काढून भाऊंनी मिल सोडली. मंडळ मात्र सोडवेना. आपण आलो की कुणीतरी खुर्ची सरकवतं, अशी तेवढी एकच जागा उरली होती. तिथे ते फेस बघून, जिभेवरचा कडूपणा तोलून ठोकून देऊ लागले.

पण नाक पुरतं मेलं नव्हतं. एक वास उरला होता, ओल्या राखेचा. तिसऱ्या दिवशी सावडायला गेल्यावर पाणी मारलं की उठतो, तो. पहिल्यांदा आला मिल सोडण्याआधी, तिथल्याच वजनकाट्यावरच्या नत्थुजींच्या अंगाला, भर दुपारी, जेवताना. चौथ्या दिवशी नत्थुजी गेले. दुसऱ्यांदा थोरल्या बहिणीच्या, जाईबाईच्या पदराला. तीही तीन दिवसांत. दोन्ही वेळा भाऊ गप्प राहिले. ज्याला वासच येत नाही, त्याने कशाचा वास आला म्हणून सांगावं?

सातवा वर्धापनदिन बडनेरा रस्त्यावरच्या एका पबमध्ये होता, रविवारी दुपारी. परतवाड्याचा नितेश, टायरचं दुकान चालवणारा, नेहमीप्रमाणे मोजे घेऊन मोटारसायकलवर आला. धुतलेले हायेत म्हणून शपथा घेत होता. नाहीतर सगळ्या बियर एकच लागतीन, म्हणे. भाऊंनी पहिला ग्लास नाकाशी नेला. काही नाही. डोळे मिटून त्यांनी गव्हाचं, संत्र्याच्या सालीचं काहीबाही म्हटलं. टाळ्या पडल्या.

नितेशने आपला ग्लास पुढे केला. यातही बघा, म्हणाला. भाऊ वाकले, आणि तसेच थांबले.

ओली राख.

त्यांनी ग्लास बाजूला ठेवला, पुन्हा हुंगलं. ग्लासात काही नव्हतं. वास नितेशच्या हाताला होता. मनगटाला, बाहीला.

तेवढ्यात नितेश उठला. पाच वाजता दुकानावर टायरचा ट्रक येणार, निघायला हवं. किल्ली त्याच्या बोटात फिरत होती. अर्धा ग्लास पिऊन गाडी चालवतोस म्हणून अपेक्षाने त्याला टोकलं, तो हसला. भाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"बस खाली. जाऊ नको."

"काहून, भाऊ?"

सगळं टेबल बघत होतं.

"मले चार वर्सांपासून कशाचाच वास येत नाई."

नितेश हळूच बसला. "मले माहीत हाय. मागच्या साली मी तुमच्या ग्लासात आंबून गेलेली ओतली होती. तुमी म्हनले, केळाची छटा हाय." त्याने नजर खाली केली. "मी कोनाले सांगितलं नाई."

एवढंच असतं तर भाऊ तिथेच रडले असते. पण मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

"पन तुह्या हाताचा येऊन राहिला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नत्थुजी, जाईबाई, राख. अपेक्षा समजावू लागली, की तापानंतर नसा चुकीच्या जुळतात, नसलेले वास येतात, तिने वाचलंय. बोलता बोलता थांबली आणि विचारलं, "नत्थुजी कितव्या दिवशी गेले म्हणालात?"

नितेशने आपणहून किल्ली टेबलावर ठेवली. अपेक्षाने ती एका मोज्यात घालून गाठ मारली. ट्रक उतरवायचं त्याने फोनवरून बायकोवर, आकांक्षावर सोपवलं. भाऊ त्याच्यासोबत एसटीने परतवाड्याला जाणार, चार दिवस तिथेच राहणार, असं ठरलं. चंदाबाईंना त्यांनी काम निघालं एवढंच कळवलं.

गाडीत खिडकी उघडी होती, उन्हाचा वारा येत होता, तरी वास हलला नाही. एरवी कंडक्टरलाही चिडवणारा नितेश खिडकीबाहेर मैलाचे दगड मोजत होता. पूर्णेचा पूल आला तेव्हा त्याने डॉक्टरपुढे धरावा तसा हात पुढे केला.

"पाहा बरं, भाऊ. हाय काय अजून?"

भाऊंनी मनगट धरून नाक त्याच्याजवळ नेलं. राख होती. आता तर गरम, नुकतंच पाणी पडल्यासारखी. चार वर्षांचा सराव कामी आला. पहिल्या ग्लासाला मिटायचे तसे त्यांनी डोळे मिटले, जरा वेळ घेतला.

"नाई," ते म्हणाले. "गेला."

नितेशने श्वास सोडला, खिडकीला डोकं टेकलं आणि थोड्या वेळात झोपला. भाऊंनी त्याचं मनगट सोडलं नाही.