मावशी गप्प बसली तो दिवस

‘मी हाय ना, मी बोलते.’ असं म्हणून मावशी पदर कमरेला खोचायची आणि पुढे व्हायची. रेशनच्या दुकानात, लाइट बिलाच्या खिडकीवर, शाळेत मॅडमपुढे, कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं बोलणं तीच बोलायची. तुमच्याही गल्लीत अशी एक असेल. आमची ही मूळची इथल्याच शिरवणे गावची, बाजारात मासळी विकणारी. मी मराठवाड्यातून आलेली, तुर्भ्याला पॅकिंगच्या कामाला. नातं काही नव्हतं. भिंतीला भिंत लागून होती, म्हणून ती मावशी झाली.

मला कोणापुढे बोलता येत नाही. मावशी असल्यावर तशी गरजही पडायची नाही.

मग माझं पोट दुखायला लागलं. जिना चढताना धाप लागायची. गल्लीतल्या डॉक्टरने रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. तो म्हणाला, ‘पोटाच्या स्पेशालिस्टला दाखवा. उशीर करू नका.’

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. मला संडासला डांबरासारखं काळं होत होतं. नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं, मावशीलाही नाही. असलं कुणाला सांगायचं कसं?

मावशीने डॉक्टर शोधायला घेतला तो बाजारात बसूनच. पापलेट कापता कापता गिऱ्हाइकाला विचारायची, ‘पोटाचा डाक्टर चांगला कोन हाय?’ माणसं मासे घ्यायला यायची आणि आपापल्या आतड्यांची हकीकत सांगून जायची. त्यातून तिने तीन नावं काढली.

पहिला वाशीचा. आत गेल्या गेल्या मावशी सुरू झाली, ‘पोटात दुखतं, जळजळतं, जेवन जात नाय.’ डॉक्टरने मान वर न करता टेबलाकडे बोट दाखवलं, ‘झोपा मावशी.’ आणि मावशी झोपली! त्याने तिचं पोट दाबलं, ‘गॅस आहे, सुकी मासळी कमी करा,’ म्हणाला आणि गोळ्या लिहून दिल्या. मी कोपऱ्यात उभी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘मावशी, तू झोपलीस कशाला?’

‘एवढा मोटा डाक्टर झोपा म्हनला, त्याला नाय कसं म्हनू?’ ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने डोळे पुसले. माझ्याकडे बघत राहिली.

‘चूक माजी गो. बोलली मी, म्हनून बघितलं मला. आता मी नाय बोलनार. ज्याच्यापुढं तुजं तोंड उघडंल, तो आपला डाक्टर.’

दुसरी लेडीज डॉक्टर होती. चांगली होती बिचारी, पण तिचे डोळे सारखे घड्याळावर. मी ‘गॅस’ एवढंच म्हटलं. मावशी लगेच उठली, ‘चल. ही नाय.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा नेरूळचा, वयस्कर. आम्ही आत जाऊन बसलो. मावशीने पदराचं टोक दातांत घट्ट धरलं होतं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘काय त्रास होतो?’ मी खाली बघत बसले. त्याने घाई केली नाही. पंखा फिरत होता. मग तो मावशीकडे वळला, ‘तुम्ही सांगता का?’ मावशीने जोरजोरात मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरने मला हळूच विचारलं, ‘यांना बोलता येत नाही का?’

मला हसूच फुटलं. ‘हिला? अहो, ही बोलली तर अख्ख्या कोपरखैरण्याला ऐकू जातं!’

तोंड उघडलं होतं, ते मग मिटलंच नाही. काळ्या संडासचं सांगितलं. कंबर दुखते म्हणून कामावर जाण्याआधी रोज उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेते, तेही सांगितलं. डॉक्टर सगळं लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, ‘हे सांगितलंत म्हणून बरं झालं. पोटात रक्त जातंय. आजच दाखल व्हा.’ दुर्बीण घालून बघितलं तर पोटात जखम निघाली, त्या गोळ्यांनी झालेली. आणखी थांबले असते तर जिवावर बेतलं असतं, असं तो माझ्या नवऱ्याला म्हणाला.

दाखल व्हायचं म्हणून त्याच्या खोलीतून बाहेर पडलो, तेव्हा मावशीने दातांतला पदर काढला. नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तो गप्पपणा टिकला एकच दिवस. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या मासळी बाजाराला सांगितलं, ‘आमच्या पोरीनं सोता सांगितलं डाक्टरला! सगलं!’ सगळं म्हणजे रंगासकट. मी घरी आल्यावर महिनाभर त्या बाजूला फिरकले नाही.

गेल्या वर्षी मावशी गेली. छातीत दुखायला लागलं आणि तासाभरात संपलं. तिच्यासाठी डॉक्टर निवडायला कुणाला वेळच मिळाला नाही.

तिच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. मी बाजारात गेले की मासळीवाल्या चार टोपल्यांपलीकडून, गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून ओरडतात, ‘काय गो, पोट कसं हाय?’ माणसं वळून बघतात.

मी तिथूनच मोठ्याने सांगते, ‘एकदम साफ!’