सात नंबरची मागची भिंत

घाडगेसिस्टर रुग्णाला आधी नाव विचारत नसत. "खोली कुठली?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. देवासच्या कारखान्यांमागच्या वस्तीत आमचा लहानसा दवाखाना होता. त्या तिथे नर्स होत्या, मी औषधं देत असे. सरकारी रजिस्टर नावांचं होतं. त्यांची स्वतःची वही मात्र खोल्यांची.

जळगावकडून कारखान्यात आलेल्या महेशला टीबी निघाला, तेव्हा सिस्टरांनी वहीची मागची पानं उलटली. सात नंबरच्या खोलीत त्याच्याआधी राहिलेल्या भाडेकरूलाही टीबी झाला होता, त्याच्याआधीच्यालाही. तिघं एकमेकांचे कोणी नव्हते. त्याच दुपारी आम्ही खोली पाहायला गेलो. पुढे एक दार, मागे सलग भिंत. भर दुपारी दिवा लागलेला. महेशची बायको सुनंदा चार वर्षांच्या मुलीला घेऊन उंबऱ्यावरच बसली होती.

"सिस्टर, हिला आईकडे गावी पाठवू का?"

"आधी तपासून घेऊ. आणि मुलगी कशाला जाते? भिंत जाईल."

घरमालक चौधरी हसले. "सिस्टरजी, आप तो दवा दो. दीवार म्हारी है."

"तीन बार दे चुकी, भिया, इसी कमरे में. चौथी बार नहीं देनी."

चौधरींनी मागच्या घराकडे बोट दाखवलं. भिंत फोडून खिडकी काढली तर ती तिथे राहणाऱ्या रामेश्वरच्या अंगणात उघडणार होती आणि तो अडून बसला. "टीबी की सारी हवा म्हारे आँगन में आएगी." मोकळ्या हवेत, उन्हात हे जंतू टिकत नाहीत, धोका बंद खोलीतच असतो, हे सिस्टरांनी परोपरीनं सांगितलं.

"आप तो घर चली जाओगी, भुगतेंगे हम."

"नहीं जाऊँगी. खिड़की खुलेगी तो उसी के नीचे बैठूँगी, रोज."

रामेश्वरची म्हातारी आई आतून म्हणाली, "बैठने दे. देखें, कितने दिन बैठती है."

मिस्त्रीनं भिंत फोडली. त्या दिवसापासून दवाखाना बंद झाला की सिस्टर त्या खिडकीखाली खुर्ची टाकून वही लिहीत. म्हातारी आधी दारातून नुसती पाहत राहिली. आठवड्यानं तिनं चहा आणला. महिन्यानं ती गहू निवडायला त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मुलीच्या तपासणीत काही निघालं नाही. महेशची औषधं पूर्ण झाली आणि तो पुन्हा कामावर जाऊ लागला.

"अब तो खुश?" चौधरींनी विचारलं.

"आठ नंबर में क्या जानवर रहते हैं?" सिस्टर म्हणाल्या.

आठचीही खिडकी झाली. नऊचं बोलणं सुरू असतानाच त्यांची टोंकखुर्दला बदली झाली. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. तो वेळ त्यांनी सुनंदाला घेऊन ओळीतल्या उरलेल्या खोल्यांच्या मागे फिरण्यात घालवला: कुठल्या भिंतीपलीकडे अंगण, कुठल्या भिंतीपलीकडे गल्ली.

पुढच्या सोमवारी चौधरी नऊ नंबरसाठी नवा भाडेकरू घेऊन आले. ते कुलपाला हात घालणार, तोच सुनंदा मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"अब तो सिस्टरजी भी गईं, बहू."

"हाँ, गईं. मैं यहीं रहती हूँ. पहले खिड़की, फिर ताला खोलना."

चौधरी काही बोलणार, एवढ्यात मागच्या अंगणातून म्हातारीचा आवाज आला, "दीवार के पास से सामान हटा दिया है, चौधरी. मिस्त्री को भेजो."