सोंग बेशुद्धाचं, डोकेदुखी खरी

माझ्या कवटीला दोन भोकं आहेत आणि दोन्ही माझ्या आत्मविश्वासामुळे पडलेली आहेत. केस अजून बरे आहेत म्हणून दिसत नाहीत, पण न्हावी तिथे आला की वस्तरा थांबवून विचारतोच, "मालक, हे काय?" मी त्याला अपघात सांगतो. खरी हकिकत अशी आहे.

ते दिवस औरंगाबादेत कारखान्यांवर कारखाने उभे राहण्याचे होते. (शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. भांडण विद्यापीठाच्या नावावरून चाललेलं होतं.) बिडकीनच्या पुढे आमचं गाव. घराणं मेंढरं वळणाऱ्यांचं. त्यात काठी सोडून हातात पाना धरणारा मी पहिलाच. चिकलठाण्याला एका कंपनीत लेथवर लागलो, उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या, सुमनशी लग्न केलं. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग कंपनीनं मला आठ दिवसांच्या प्रथमोपचाराच्या वर्गाला पाठवलं.

वर्गातून मी औषधांची एक पेटी, छातीवर लावायचा बिल्ला आणि अफाट ज्ञान घेऊन परतलो. गल्लीत लोक मला 'डॉक्टर' म्हणायला लागले. म्हणणारे थट्टेनंच म्हणत होते, पण मी ते मनापासून घेतलं. डोकेदुखी तर माझा खास विषय. कुणी कपाळ धरून दिसला की मी त्याला थांबवून बोटांवर मोजून दाखवत असे, "कधी दुखलं नव्हतं असं एकाएकी डोकं फुटायला लागलं, तापात मान ताठली, हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, तोल जायला लागला, उलट्या झाल्या, किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, तर घरचे उपाय करत बसायचं नाही. तडक दवाखाना." हे सगळं मला तोंडपाठ होतं. दुसऱ्यांसाठी.

पुढे कंपनीत सुरक्षेचं प्रात्यक्षिक ठेवलं. बेशुद्ध कामगाराचं काम मी स्वतःकडेच घेतलं, कारण बाकीच्यांना तालमीत हसू आवरत नव्हतं. मला स्ट्रेचरवर घालून शेडबाहेर न्यायचं होतं. डोक्याकडची बाजू माझ्या शेजारच्या मशीनवरच्या वाघमारेनं धरली होती. दारातून वळताना माझं डोकं लोखंडी चौकटीवर असं आदळलं की समोर बसलेल्या साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. पण मी ओरडलो नाही. बेशुद्ध माणूस ओरडत नाही, हे मीच सगळ्यांना आठ दिवस शिकवत होतो.

"लई लागलं का रे?" वाघमारेनं कानाशी वाकून विचारलं.

"मी बेशुद्ध आहे," मी डोळे मिटूनच सांगितलं.

टाळ्या पडल्या. साहेबांनी माझ्या अभिनयाचं कौतुक केलं. घरी मी फक्त कौतुकाचा भाग सांगितला. टेंगूळ चार दिवसांत बसलं आणि माझ्या हिशेबी विषय मिटला.

दोन-अडीच आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं. पहिले तीन दिवस मी ते उन्हाच्या नावावर टाकलं. चौथ्या दिवशी मशीनच्या आवाजाच्या. पुढे कंपनीतल्या चहाच्या, आणि मग पानटपरीवरच्या नामांतराच्या वादावादीच्या. (तिथे दोन्ही बाजूंना समजावण्याचं काम मी करत असे. मला कुणी सांगितलं नव्हतं.) पेटीतल्या पांढऱ्या गोळ्या सकाळी एक, संध्याकाळी एक चालूच होत्या. दुखणं काही हटेना.

शेजारचे रज्जाकभाई रिक्षा चालवायचे. त्यांनी दारातूनच निदान केलं, "नजला हुआ तुमको, डॉक्टर. भाप लेव."

"रज्जाकभाई, सर्दी नाही ही, साधं आहे. मानेच्या शिरा आखडतात."

"फिर मुँह टेढा कायको करते बोलताना?"

"हसतोय मी."

"अच्छा," म्हणाले आणि रिक्षाला फडकं मारत राहिले.

मग चपलेनं त्रास द्यायला सुरुवात केली. डाव्या पायातली चप्पल रस्त्यातच निसटून मागे राहायची आणि मी दहा पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी हाक मारायचं. मी चपलेचा अंगठा आवळून घेतला. तरी निसटली. मी चप्पलच बदलली. नवीही निसटली. तेव्हा हल्ली चपलाच नीट करत नाहीत, असा मी निष्कर्ष काढला. त्याच आठवड्यात चहाचा कप डाव्या हातातून पडला, तर कपाच्या कानाला चीर होती असं सांगितलं. सकाळी उलटी झाली, तर तिचा आळ वांग्याच्या भाजीवर घेतला. सुमननं त्यानंतर चार दिवस पिठल्याशिवाय काही केलं नाही.

सुमनला तेव्हा पाचवा महिना होता. एरवी ती कमी बोलायची. त्या दिवशी ताट पुढं सरकवून म्हणाली, "अहो, उलटी, तोल, डोकं. तुम्हीच सगळ्या गल्लीला सांगत असता ना हे?"

"ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतं."

"मला भीती वाटते."

"मी असताना तुला कसली भीती?" असं म्हणून मी पाण्याचा तांब्या उचलायला गेलो आणि तो माझ्या हाताच्या चार बोटं उजवीकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. खांद्यावर ज्वारीचं पोतं. संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं होतं, पण विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंदची हाक आली आणि एसटी डेपोतच थांबली. आबांनी उंबऱ्यात बसकण मारली, तंबाखू मळायला घेतली आणि गप्प बसून राहिले. मेंढक्याची बसण्याची पद्धतच ती. दिवसदिवस बोलणार नाही, पण पन्नासातलं एक जनावर लंगडलं तर पाठीमागून ओळखेल.

बंदच्या दिवशी कंपनीला सुट्टी. मी घरातच होतो. सकाळी आबा म्हणाले, "भानू, नळावरून तांब्याभर पाणी आण."

आणलं. आबा दोन घोट प्यायले.

"अजून एक आण."

आणला.

"आता बादली आण जरा."

इतका तहानलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी सुमनला आत जाऊन सांगितलं, "आबांना साखरेचा विकार दिसतोय. तहान फार लागते. त्यांना दवाखान्यात दाखवलं पाहिजे." मी तेव्हा खरंच त्यांच्या काळजीत होतो.

तेवढ्यात आबांचा आवाज आला. "सुमन, दवाखान्याची तयारी कर."

"व्हय आबा. तुमचं मघाशीच हे म्हणत होते."

"माझं नाय. ह्याचं."

मी बाहेर आलो. आबा माझ्याकडे बघतही नव्हते. सुमनला सांगत होते, "तीन येळा नळावर धाडलं. तिन्ही येळा डाव्या अंगाला वढला. पाय घासतोय. कळपातलं मेंढरू असं एकाच बाजूला वळाया लागलं की त्याच्या डोक्यात काय तरी वाढलेलं असतंय. त्याला पाला चारून भागत नाय."

आता माझा बिल्ला आतून उसळला. आठ दिवसांचा वर्ग केलेल्या माणसाला मेंढराच्या रांगेत बसवणं म्हणजे काय! मी आबांना प्रथमोपचारशास्त्र थोडक्यात समजावलं. मेंढराला चार पाय असतात, माणसाला दोन, त्यामुळे तोलाचे नियम वेगळे, असंही सांगितलं. (हे वर्गात शिकवलेलं नव्हतं. ऐनवेळी सुचलं.)

"बरं," आबा म्हणाले. "समोरच्या भिताडाला हात लावून ये."

"हे बघा," म्हणत मी ताठ मानेनं निघालो. भिंतीवर नजर रोखली होती. एक पाऊल इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. सरळ चालत गेलो, आणि पोचलो ते डाव्या हाताला उभ्या असलेल्या रज्जाकभाईंच्या रिक्षापाशी.

"बैठो," रज्जाकभाई म्हणाले.

मला हसायला हवं होतं. पण भिंत होती तिथेच होती आणि मी दुसरीकडे होतो. माझे पाय मला न विचारता भलतीकडे आले होते. सुमन पदरानं कपाळ पुसत उभी होती, दुसरा हात पोटावर. मी निमूट रिक्षात बसलो. चप्पल मागेच राहिली, ती आबांनी उचलून आणली.

बंदमध्ये रिक्षा काढणं सोपं नव्हतं. पहिल्याच चौकात मोर्चानं अडवलं. निळे झेंडे, घोषणा, माणसांची भिंत. रज्जाकभाई हात जोडून 'पेशंट है, पेशंट है' म्हणत होते. पेशंट मात्र बाहेर डोकं काढून, तसं काही गंभीर नाही, आम्ही थांबू शकतो, असं लोकांना सांगत होता. सुमननं माझी कॉलर धरून मला आत ओढलं.

तेवढ्यात गर्दीतून वाघमारे पुढे आला. "भानुदास? काय झालं रे?"

"डोकं दुखतंय यांचं, तीन आठवडे," सुमन म्हणाली.

"स्ट्रेचरवर आदळलं त्याचं तर नाय ना?"

मी डोळे मिटून घेतले.

"कसलं स्ट्रेचर?" सुमननं विचारलं.

वाघमारेनं सगळं सांगितलं. चौकट, आवाज, साहेबांचा कप, आणि मी डोळे मिटून दिलेलं उत्तरसुद्धा. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. वाघमारे डोक्याला हात लावून म्हणाला, "वहिनी, इथं आम्ही एका नावासाठी इतकी वर्षं ओरडतोय, अन् ह्यो डोकं फुटलं तरी तोंड उघडत नाय." मग त्यानं वळून हाळी दिली, "वाट द्या, आपला माणूस हाय." आणि तो स्वतः रिक्षापुढे पळत राहिला, चौकामागून चौक. ज्यांनी सगळं शहर बंद केलं होतं, त्यांनी आमच्यापुरता रस्ता उघडला. त्या दिवशीचं वाघमारेचं ते पळणं मी विसरलेलो नाही. त्याचं देणं माझ्याकडून फिटायचं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोक्याला कधी मार लागला होता?"

"मार असा म्हणता येणार नाही," मी सुरुवात केली.

"लागला होता," सुमन, आबा आणि रज्जाकभाई एकदम म्हणाले.

"डोळे मिटा. दोन्ही हात समोर धरा. तसेच ठेवा." थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, "हात कुठे आहेत?"

"समोर. दोन्ही सरळ."

"डोळे उघडा."

उजवा हात समोर होता. डावा मांडीवर पडलेला होता. मी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघत राहिलो. माझ्याजवळ कारण नव्हतं.

त्या काळी डोक्याचा स्कॅन शहरात एखाद्याच ठिकाणी व्हायचा. तो झाला. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून मेंदूवर दाब आला होता. त्याच दिवशी मला टेबलावर घेतलं, भोकं पाडली आणि रक्त काढून टाकलं. नंतर डॉक्टर सुमनला म्हणाले, "अजून दोन दिवस घरी बसला असता तर..." पुढचं सुमनला कळलं. ती माझ्या पलंगाशी बसून बराच वेळ रडली आणि मग जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर मला समजावायला बसले. "पुन्हा डोकं वाढत्या प्रमाणात दुखलं, झोप आवरेनाशी झाली..."

"उलटी, बोलणं अडखळणं, तोल जाणं," मी पुढचं म्हणून टाकलं. "आणि मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या तर नाहीच."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"मी वर्ग केलाय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आबांकडे वळले. "बाबा, तुम्हाला कसं कळलं हो?"

आबा खुर्चीवर बसायला संकोचत होते, उभेच होते. म्हणाले, "मेंढरू असतं तर पहिल्याच दिशी कळलं असतं, साहेब. मेंढरू कारणं सांगत नाय. ह्यो लई बोलतो, म्हणून टाइम लागला."

डॉक्टरांनी आपली खुर्ची पूर्ण फिरवली आणि पुढच्या सगळ्या सूचना आबांना दिल्या.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मुलगी झाली, मोठी झाली, तिचंही लग्न झालं. अजूनही घरात मी 'डोकं जरा दुखतंय' असं म्हणालो, की कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे मला कुणी विचारत नाही. मी तोंड उघडायच्या आत सुमन मला अंगणात उभं करते आणि म्हणते, "बोलू नका. चाला."