बैठकीतला वेताचा सोफा

आज पुतण्या आला आणि बैठकीतल्या वेताच्या सोफ्यावर हात फिरवत म्हणाला, “काकू, किती आठवणी आहेत गं याच्यात! मी घेऊन जातो. असला सोफा आता कुठे मिळतो?”

आठवणी त्याच्या असतील. तो यावर उड्या मारायचा, सासरे पेपर वाचायचे, हे पाहुण्यांशी गप्पा मारायचे. मी चहाचा ट्रे धरून समोर उभी. माझं बसणं स्वयंपाकघरात, पाटावर. सोफा मला खालून जास्त ओळखीचा आहे. कुठला वेत तुटला, कुठे ह्याने शेंगांची टरफलं कोंबली, ते केर काढताना वाकून मीच पाहिलं. अभ्र्यांवर फुलं मी भरली, टेकून बसले दुसरेच. जुन्या वस्तूंचं कौतुक करणारे सगळे त्यांच्यावर बसलेलेच असतात.

हे गेल्यावर आता कुठे मी दुपारी पाय वर घेऊन यावर बसते, तर लगेच सगळ्यांना सोफा आठवला!

“काकू, उठ ना जरा, माप घेतो,” तो म्हणाला.

तोंडावर बोलायची मला सवय नाही. पण मी उठले नाही.