मुशीतला खंडोबा

देव्हाऱ्यातल्या टाकाची कड लाल झाली, त्यावरचा घोडा वाकला, आन् तवा मला घोड्याच्या पायाखाली खाच दिसली. खाच तर आमच्या घरच्या देवाला! फुंकनी तोंडातच ऱ्हायली. चिमटा कुठं, चिमटा, म्हनंस्तवर चांदीचा खंडोबा मुशीत पानी झाला.

आमी सोनार. दुष्काळात दागिना कोन करतंय? नवरा तळ्याच्या कामावर खडी फोडाया जायचा. मामंजींना दमा, मंग बागेसरीपाशी, म्हंजी सोनाराच्या शेगडीपाशी, फुंकाया मीच. मांडीवर तान्ही पोरगी. फुंकून फुंकून अंगावर दूध ऱ्हायलं नव्हतं.

वस्तीवरची म्हातारी आल्ती. तिच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाचं नाक-डोळं हात लागून झिजल्यालं. घरात नवी सून यायची, तवा टाक नवा पायजे. "पर चांदी हीच घ्या हां. आमचा देव आमच्याच चांदीत ऱ्हायला पायजे."

त्याच सकाळी मी आमचं देव चिंचंनं घासून ताटलीत ठिवल्यालं, तिचा टाकबी त्यातच ठिवला. दोन्ही टाक एकाच ठशावरचं, मामंजींच्या बापाच्या हातचं. पोरगी रडली, मी तिकडं बघत हात घातला आन् आमचाच उचलला.

"सोनारीनबाई, डाळ असती तर कवाच शिजली असती," म्हातारी उंबऱ्यातनं हसली.

मी खाली मान घालून फुंकत ऱ्हायले. मामंजींनी चांदी वतली, ठोकून पत्रा केला, ठशावर ठिवला, वर शिसं धरून हातोडी घातली. नवा देव निघाला, नाक-डोळं टोकदार. म्हातारीचा जुना त्यांनी आधीच तोलला व्हता, आता नवा काट्यात टाकला.

"गुंजभर जास्त कसा गं भरला, सूनबाई? झिजल्याला देव वाढतो व्हय?"

"मल्हारीची किरपा!" म्हातारी म्हनली, आन् पदरात बांधून गेली.

तिचा झिजल्याला देव मी आमच्या देव्हाऱ्यात ठिवला. मामंजी रोज त्यालाच हळद लावत्यात. नजर अधू झाली, पर बोटं न्हाईत. काल हळद लावताना त्यांचा अंगठा घोड्याच्या पायापाशी थांबला. लई येळ तिथंच फिरत ऱ्हायला. मंग माज्याकडं बघितलं, आन् पुन्यांदा हळद लावाया लागले.

सांगावं, तर तिकडं नवी सून आमच्या देवाच्या पाया पडून घरात आली. न सांगावं, तर ह्यो म्हातारा रोज दुसऱ्याचा देव पुजतोय. मी दमले आता. बायांनो, तुमी काय केलं असतं?