साहेबाच्या गाडीतला हीटर

कलकत्त्यात मोटारीला हीटर कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बारा महिने घामाने निथळणारं गाव ते! पण आमच्या ह्यांनी गाडी घेतली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून, आणि त्याने हौसेने बसवलेली हीटरची पेटी डॅशबोर्डखाली होतीच. इंजिनाचं गरम पाणी नळीतून तिच्यात यायचं, मागचा पंखा हवा ढकलायचा आणि पायाशी ऊब पडायची. ह्यांची नोकरी गार्डन रीचला, रेल्वेच्या कचेरीत. काम कागदांचं, पण जीव सगळा त्या गाडीत. शनिवारी दुपारी नुसत्या बनियनवर बसून नळ्या धुवायच्या, पंख्यातली धूळ काढायची. मोरीतला नळ मात्र महिनोन्‌महिने ठिबकत होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पंख्याला बाहेरची हवा आणणारी एक जाड रबरी नळी होती, गाडीच्या नाकापासून थेट पेटीपर्यंत. तिथल्या दमट हवेत ती कुजून चिरली. तशी दुसरी बाजारात मिळेना, तेव्हा ह्यांनी ती काढूनच टाकली.

"हवा काय, बॉनेटच्या आतली घेईल. उलट जास्त गरम येईल," म्हणाले. ह्या युक्तीचं त्यांना भारी कौतुक होतं. मी वासाची तक्रार केली, तर म्हणाले, "गाडी म्हटली की वास येणारच."

आमचा मुलगा तेव्हा वर्षाच्या आतला. थंडीचे दिवस आले आणि त्याचं डोकं उघडं दिसलं की शेजारच्या बंगाली बायका धावत यायच्या. "ठांडा लेगे जाबे, दीदी!" ऐकून ऐकून त्या थंडीची मलाही धास्ती बसली. दर रविवारी आम्ही हावड्याच्या पलीकडे, चंदननगरला नणंदेकडे जेवायला जायचो. परतताना रस्त्याकडेला कोळशाच्या चुली पेटलेल्या असत, धूर जमिनीलगत बसलेला असे. मग काचा वर आणि हीटर चालू.

घर येईतो माझं कपाळ ठणकू लागे, मळमळे. ह्यांचंही तेच. आता डोकं दुखतंय आणि मळमळतंय म्हटल्यावर मराठी माणूस दुसरं काय म्हणणार? पित्त! नणंदेचा हात मसाल्याला सढळ, वर दोनदा चहा. मी घरी आल्या आल्या मोरावळ्याची बरणी काढायची आणि दोघं तो चाटत बसायचो. मागे बसणाऱ्या सासूबाईंना मात्र कधी काही झालं नाही. त्या मिश्री लावायच्या आणि थुंकायला मागची काच कायम खाली ठेवायच्या. वारा येतो म्हणून मी मनातल्या मनात चडफडायची.

बाळ पुढे, माझ्या मांडीवर, गाढ झोपायचा. गालांवर अशी लाली चढायची की घरी आल्यावर मी मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढायची.

जानेवारीत सासूबाई भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेल्या. त्या रविवारी प्रथमच गाडीच्या सगळ्या काचा बंद झाल्या, आणि मला हायसं वाटलं.

हावड्याच्या पुलावर एका बैलगाडीचं चाक निखळलं होतं. पुढे सगळं ठप्प. इंजिन चालू, हीटर चालू. माझं डोकं फुटायला आलं. "अहो, मला उलटी होतेय," म्हणत मी बाळाला सीटवर ठेवलं आणि कशीबशी उतरून कठड्याशी गेले. ओकून झाल्यावर नदीचा वारा लागला, डोकं जरा निवळलं. मागे ट्रामची घंटा घणघणत होती, हॉर्न वाजत होते, गाडीवान एकमेकांना शिव्या देत होते. घरात चमचा पडला तरी दचकणारं माझं पोर त्या गदारोळात हललं नव्हतं.

मी धावले. हे स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते. "अहो!" मी किंचाळले. "जरा डोळा लागला," ते जडपणे म्हणाले. एवढ्या कल्लोळात!

बाळाला उचललं तर मान लुळी पडली. गाल गुलाबी, ओठ लाल, नखंसुद्धा लाल. इतका सुंदर तो कधी दिसला नव्हता, आणि मला त्या रूपाचीच भीती वाटली. मी त्याची कानटोपी काढली, स्वेटर ओढून काढला, उघड्या अंगाने त्याला वाऱ्यावर धरलं आणि तळपायांवर चापट्या मारत सुटले. शाल पांघरलेले एक गृहस्थ ओरडले, "की कोरछेन! ठांडा लेगे जाबे!"

"लागू दे मेली थंडी!" मी मराठीतच ओरडले.

बऱ्याच वेळाने तो कण्हला. मग रडला, बारीक, चिरका.

ह्यांनी इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. धुराचा पाइप सांध्यापाशी तडकला होता, आणि त्याच्या लगेच वर, नळी काढल्याने उघडं राहिलेलं हीटरचं तोंड होतं, काजळीने काळं झालेलं. हे बघत राहिले आणि तिथेच फुटपाथवर बसले. गाडी सोडून आम्ही टॅक्सीने डॉक्टर गाठला. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, ती लाली धुरातल्या विषारी वायूची होती; काचा बंद ठेवून घरापर्यंत गेला असतात तर पोर हाती लागलं नसतं.

मुलगा आता चाळिशी ओलांडून गेलाय. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेले होते. दुपारी जेवून तो आडवा झाला आणि छान झोपला. मी थोडा वेळ दारात उभी राहिले, मग जाऊन त्याला गदागदा हलवलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही," म्हटलं. "झोप."